पाठ झालेलं वळण

गंगा चढायला लागली की माझ्या डाव्या हाताची बोटं आपोआप हलतात. अनामिका डावीकडे, तर्जनी उजवीकडे, मधलं बोट वर. आज सकाळी बारज्यात, म्हणजे नदीवर झुकलेल्या सज्जात, उभी राहून चहा पीत होते. खाली बालाजी घाटाच्या पायऱ्या मुकाट्याने पाण्यात जात होत्या आणि मी कपाच्या कडेवर बोटं वाजवत होते. आई दारातून म्हणाली, "आलं वाटतं तुझं विमान."

विमान नाही, यान. अवकाशातलं, एका माणसापुरतं, छोटं लढाऊ यान. हा फरक मी आईला इतक्यांदा समजावला आहे की आता ती मुद्दाम विमान म्हणते.

हा लेख त्या यानाबद्दल आहे. आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे पुरावर लिहायला बसलं की लोक गंगेला नमस्कार करून सुरुवात करतात आणि नमस्कारातच लेख संपवतात. मी पर्चे, म्हणजे वाटायची पत्रकं, लिहिणारी मुलगी आहे. पर्च्यात पहिल्या दोन ओळींत मुद्दा आला नाही तर माणूस त्यात चणे बांधून घेतो. तर मुद्दा असा. काही वर्षांपूर्वीच्या एका पुरात, ज्या दिवसांत मला घाटावर उभं राहून भांडायचं होतं, त्या दिवसांत मी घरात कोंडलेली होते, आणि दादाच्या कॉम्प्युटरवर अवकाशयुद्धाचा एक खेळ सर्वांत कठीण पातळीवर खेळत होते. खेळत होते म्हणजे मरत होते.

भांडण नावांचं, म्हणजे होड्यांचं, होतं. आमच्या घराखालच्या पायऱ्यांना मल्लाहांच्या, इथल्या नावाड्यांच्या, वल्ह्याच्या नावा बांधलेल्या असतात. गुडियाच्या घरची त्यांतलीच एक. गुडिया माझ्याच वयाची. वल्हं मारते आणि शिवी हासडते, दोन्ही सारख्याच सफाईने. त्या पायऱ्यांना एका ठेकेदाराला आपल्या मोठ्या मोटरबोटी लावायच्या होत्या. तसं उघड कुणी म्हणालं नाही. आदेश निघाला तो एवढाच, की पुरात लहान नावा सुरक्षित जागी न्या, पाणी उतरल्यावर जागा नव्याने ठरवू.

आता आमच्या घाटाची रीत अशी. पूर ओसरताना नाव पाण्याबरोबर पायरी पायरी उतरते आणि शेवटी जिथे टेकते ती तिची वर्षभराची जागा. त्यावर मल्लाह आपसात वाद घालत नाहीत. पण जी नाव पुरात घाटावरच नाही, ती उतरणार कुठून? "नव्याने ठरवू" या दोन शब्दांत अख्खी रांग बुडवायची सोय होती. हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. सगळ्यांना कळत होतं, म्हणून तर सगळे इतक्या प्रेमाने सुरक्षिततेबद्दल बोलत होते.

आम्ही पर्चा काढला. संध्याकाळच्या आरतीला वाटला. सह्या घेतल्या. मग गल्लीच्या वरच्या टोकाच्या नेहमीच्या चबुतऱ्यावर सभा घेतली, घोषणा दिल्या. आणि ठाण्यातून निरोप आला. मला नाही, माझ्या वडिलांना.

नाना वैदिक आहेत. मुलांना वेद शिकवतात, मोहल्ल्यात त्यांना शास्त्रीजी म्हणतात. ठाण्यात त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला, आणि "बिटिया आपकी है, समझा दीजिए" म्हणून सांगितलं. नानांनी शब्द दिला. घरी येऊन पाय धुता धुता मला कळवलं.

"पाणी उतरेपर्यंत तू घराबाहेर पाऊल टाकणार नाहीस. मी शब्द दिलाय."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? माझा."

"पाऊल माझं आणि शब्द तुमचा?"

आई म्हणाली, "उमे, त्यांना पाय तरी पुसू दे."

मी सज्ञान होते. मत देत होते. माझ्या पायांबद्दल दोन पुरुषांनी चहा पिता पिता ठरवलं आणि मला ते बादलीशेजारी उभं राहून ऐकावं लागलं. हे लिहिताना अजून कानशिलं तापतात. मग शब्द मोडून गेले का नाही? कारण मोडला असता तर मी नव्हे, नाना खोटे पडले असते. ज्या माणसाचा जन्म एक अक्षर इकडचं तिकडे होऊ न देण्यात गेला, त्याला एका वाक्यापुरतं खोटं पाडणं माझ्याच्याने झालं नाही. मला ते पटलं होतं म्हणून नाही. पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण झालं नाही.

कोंडलेल्या माणसाला पूर वेगळा दिसतो. यात्रेकरूला तो तमाशा, बातमीवाल्याला आकडा. मला तो माझी शिक्षा वाढवणारा मुनीम वाटायचा. एक पायरी बुडाली की माझी सुटका एक पायरी लांब. सकाळी उठून मी आधी खाली बघायची. काल जिथे कुत्रं झोपलं होतं तिथे आज तपकिरी पाणी, त्यावर झेंडूची कुजकी माळ आणि कुणाच्या तरी चपलेचा एकच पाय. शिंदे घाटाकडून सळसळत येणारा प्रवाह आमच्या भिंतीला खांदा घासून जायचा. दुपारी ऊन पडलं की पाण्यावरचा उजेड घरात शिरायचा आणि छतावर थरथरत राहायचा. सगळं घर हळूहळू उकळतंय असं वाटायचं. पोहे सादळलेले, काडेपेटी सादळलेली, अंथरुणाला मातीचा वास. उरलेले पर्चे मी कपाटावर ठेवले होते, त्यांना बुरशी आली. "नाव हटेगी नहीं" वर हिरवे ठिपके.

दादा घनपाठी. नानांकडेच शिकला, आणि आता परदेशातल्या मराठी मुलांना कॉम्प्युटरवरून वेदांची संथा देतो. पुरात नेट जायचं, संथा बंद पडायची आणि कॉम्प्युटर मोकळा राहायचा. वीज अधूनमधून यायची, बाकी इन्व्हर्टर. एका दुपारी दादाने तो खेळ लावला आणि म्हणाला, "बस इथे. फेऱ्या मारून फरशी झिजवू नकोस." खेळ सुरू करताना तो विचारतो, सोपं, मध्यम की कठीण. त्याखाली लाल अक्षरांत आणखी एक पर्याय होता, सर्वांत कठीण. मी तो दाबला.

"अगं, तो मीसुद्धा खेळत नाही."

"बाहेर कोण सोपं आहे?"

दादा हसला. "पर्चा नको वाचूस. खेळ."

पहिल्याच मोहिमेत एक संथ, जाडजूड मालवाहू यान अडथळ्यांच्या पट्ट्यातून पलीकडे पोचवायचं होतं. त्याच्याकडे ना तोफ ना वेग. शत्रूची यानं रडारवर लाल ठिपके होऊन यायची आणि मी त्यांच्यावर चालून जायची. पूर्ण वेग, सगळी शक्ती तोफांना, नाकासमोर सरळ. ती माझ्याकडे, मी त्यांच्याकडे. समोरासमोर गोळी चालली की ज्याची ढाल जाड तो उरतो. माझी ढाल कागदाची असायची, कारण ढालीला शक्ती द्यायची असते हेच मला सुचायचं नाही. स्फोट. पुन्हा. स्फोट. पुन्हा.

"तू लढायला जात नाहीस," दादा मागून म्हणाला. "तू निवेदन द्यायला जातेस."

मला राग आला. रागात मी आणखी वेगाने गेले आणि आणखी लवकर मेले.

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. मी पर्च्याच्या भाषेत सांगते, कारण मला तीच येते. वेग ही ताकद नाही. पूर्ण वेगात यानाचं वळण एवढं रुंद होतं की तुम्ही वळेपर्यंत शत्रू तुमच्या पाठीशी लागलेला असतो. वेग निम्म्यावर आणला की यान जागच्या जागी वळतं. हे कळायला मला आठवडा लागला असेल, आणि अंगवळणी पडायला त्याहून जास्त, कारण मागे कुणी लागलं असताना वेग कमी करायला छाती लागते. दुसरं, पळणाऱ्याच्या मागे धावायचं नाही. सर्वांत कठीण पातळीवर जो पळतो तो आमिष असतो. तुम्ही त्याच्या मागे लांब जाता आणि इकडे ज्याला वाचवायचं ते मालवाहू यान बाकीचे निवांत फोडतात. मी किती वेळा विजयाच्या आनंदात मागे वळून पाहिलं आणि तिथे नुसता धूर होता. तिसरं, इंजिन बंद करायचं बटण असतं. ते दाबलं की यान आधीच्याच वेगाने वाहत राहतं, पण तोंड हवं तिकडे फिरवता येतं. म्हणजे दिसायला तुम्ही पळत असता आणि बंदूक मागच्यावर रोखलेली असते. आईने एकदा बघितलं. म्हणाली, "हे तर मी सासरी रोज करत होते."

त्या दुपारींचं आणखी काय आठवतं? आईची हाक, "इन्व्हर्टरवर पंखा चालणार की तुझं विमान, एकदा ठरवा." शेजारच्या खोलीतून पाठशाळेच्या दोनतीन मुलांना नाना देत असलेली संथा. पाठशाळेत पाणी शिरल्यामुळे मुलं आमच्याकडेच होती. आणि गुडियाची पलीकडच्या गच्चीवरून येणारी हाक. नाव बंदीचे दिवस, तिला घाटावर कामच नव्हतं.

"ए उमा! जेल में का खइलू?"

"साबुदाणा."

"तब त ठीक हौ. हमनी के त नोटिस मिलल हौ."

दोन दिवसांत नावा हलवायच्या अशी ती नोटीस. तिचे वडील नाव घेऊन दूरच्या नाल्याच्या तोंडाशी जायला तयार झाले होते. म्हातारा माणूस, भांडून थकलेला. गुडिया तयार नव्हती. मी ओरडून म्हणाले, सभा घेऊ. ती तिकडून म्हणाली, "के लेई? तू?", म्हणजे घेणार कोण, आणि हसली. त्या हसण्याने जे झोंबलं ते नानांच्या शब्दानेही झोंबलं नव्हतं. आमची बाकीची मंडळी सभा घेणार होतीच. त्याच चबुतऱ्यावर, त्याच वेळेला. चबुतऱ्याशी आदल्या दिवसापासूनच दोन शिपाई खुर्च्या टाकून बसले होते. त्यांना तर भाषणांचा क्रमसुद्धा माहीत असणार.

आणि त्याच दुपारी ते घडलं.

मी खेळत होते. आता मी समोरून जात नव्हते, वेग निम्म्यावर ठेवत होते, ढालीला शक्ती देत होते, आणि तरी मरत होते. मागून गोळी आली की हुलकावणी द्यायची असते, बाजूला सरकायचं, वर उठायचं. मी देत होते. मध्यम पातळीवर माझी हुलकावणी कुणालाही सापडायची नाही, दादाने ते बघितलं होतं. इथे मात्र थोडा वेळ गोळ्या चुकायच्या आणि मग एकदम अशी गोळी यायची, जणू मी कुठे जाणार ते कुणी त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.

शेजारच्या खोलीत संथा चालू होती. ती मध्येच थांबली. नाना दारात आले. ते पडद्याकडे बघत नव्हते. डोळे मिटून कान माझ्या बोटांकडे लावला होता.

"पुन्हा कर," म्हणाले.

"काय?"

"आत्ता जे वाजवलंस ते."

मी पुन्हा हुलकावणी दिली. डावी, उजवी. उजवी, डावी. डावी, उजवी, वर. वर, उजवी, डावी. डावी, उजवी, वर.

नानांनी डोळे उघडले. "हा घन आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वेदाचा एक शब्दही बदलू नये म्हणून तो उलटसुलट गुंफून पाठ करायची पद्धत आहे. पहिलं पद, दुसरं. दुसरं, पहिलं. पहिलं, दुसरं, तिसरं. तिसरं, दुसरं, पहिलं. पुन्हा पहिलं, दुसरं, तिसरं. मग एक पद पुढे सरकायचं आणि तेच. याला घन म्हणतात. दादाला तो नानांनी वर्षानुवर्षं शिकवला. मला नाही. मुलींना शिकवत नाहीत. का नाही, याचं उत्तर मी लहानपणापासून मागते आहे आणि लहानपणापासून मला लाडू मिळतो.

"हे तुला कुणी शिकवलं?" नानांनी विचारलं.

"भिंतीने."

दादा स्वतःच्या नखांकडे बघत बसला. पडद्यावर माझं यान जळत होतं आणि छतावर उजेड हलत होता.

नाना आले, माझ्या शेजारी स्टुलावर बसले. थोडा वेळ त्यांनी लढाई पाहिली, म्हणजे मी मरताना पाहिलं. मग एखाद्या शिष्याचा स्वर चुकल्यावर बोलतात तशा साध्या आवाजात म्हणाले, "घन केला तो बदल होऊ नये म्हणून. ऐकणाऱ्याला पुढचं पद कळलंच पाहिजे, तेव्हा चूक पकडता येते. तुझ्या मागचा तो ऐकतोय. तू त्याला पुढचं पद सांगतेस."

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस? मला चुकायचं शिक्षण नाही."

हे ते विनोदाने म्हणाले नव्हते. पण दादा फिस्सकन हसला, मग मी, आणि मग नानाही, मिशीतल्या मिशीत.

मी मात्र हसता हसता कीबोर्डवरून हात काढून घेतला. जे मला शिकवायचं नाकारलं, ते माझ्या बोटांत इतकं खोल बसलं होतं की संकटात मला दुसरं काही येतच नव्हतं. अडकणं म्हणजे दाराला कडी असणं एवढंच नाही. आणि दुसरी गोष्ट, ती तर त्याहून वाईट. पर्चा, सह्या, चबुतरा, घोषणा. पर्चा, सह्या, चबुतरा, घोषणा. आम्ही काय वेगळं करत होतो? दोन शिपाई खुर्च्या टाकून बसले होते ते आमच्या पुढच्या पदाची वाट बघत.

त्यानंतरची माझी खेळी बदलली. मुद्दाम बेताल. दोनदा डावीकडेच. कधी हुलकावणीच नाही, नुसतं थांबणं. आणि सगळ्यांत मोठा बदल म्हणजे मी मालवाहू यानाला सोडून जाणं बंद केलं. त्याच्या पोटाखाली शिरून, इंजिन जवळजवळ बंद ठेवून राहायची. शत्रूला त्याला मारायचं असेल तर त्याने यावं इथे. तो यायचा, आणि त्याला जवळ येताना वेग कमी करावा लागायचा, आणि तेव्हा तो माझा. ती मोहीम मी पार केली. मालवाहू यान हत्तीसारखं डुलत पलीकडे गेलं. पुढच्या मोहिमेत मी पहिल्याच झटक्यात मेले, हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुणी वीर आहे.

पण पलीकडे जाणाऱ्या त्या यानाकडे बघताना माझ्या डोक्यात आलं, की मी बाहेर जाऊ शकत नाही हे खरं. पाणी तर माझ्या दारात आलं आहे.

पाणी तोवर बारज्याच्या खाली हातभरावर होतं. मी गच्चीवर गेले आणि गुडियाला हाक मारली.

"नाव सुरक्षित जागी न्यायला सांगितलंय ना? आमच्या बारज्याचा खांब दगडाचा आहे."

तिने वाकून खाली खांबाकडे बघितलं. मग म्हणाली, "अकेले हमार ना आई. सब आई." बाकीच्यांच्या नावाही आणणार.

दुसऱ्या दिवशी सभेच्या वेळेला चबुतऱ्यावर शिपाई होते, आमची मंडळी होती, नेहमीची भाषणं सुरू होती. आणि भिंतींच्या कडेकडेने, नदीच्या बाजूने, गुडिया नाव घेऊन आली. प्रवाहाविरुद्ध वल्हं मारत नव्हती. भिंतीच्या दगडांना हाताने धरत, सरकत येत होती. तिच्या नावेला दुसरी नाव, तिला तिसरी, अशी माळ. दोराचं टोक तिने माझ्याकडे फेकलं. माझ्या तोंडावर ओला दोर आपटला. मी खांबाला तीन वेढे दिले, चौथा दादाने. खांब कुरकुरला. आई म्हणाली, "घर घेऊन जाताय की काय नदीत?" आणि तिने खांबाला पाट्याचा वरवंटा टेकवून ठेवला. त्याचा काय उपयोग होता ते देव जाणे, पण कुणी तो काढला नाही.

नाना संथा संपवून बाहेर आले. खांबाकडे बघितलं, दोराकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं. माझे पाय बारज्यातच होते.

संध्याकाळी एक शिपाई दाराशी आला. चांगला माणूस होता, घामाघूम झालेला.

"शास्त्रीजी, ई का हौ? आप तो जबान दिए थे."

"दिली होती," नाना त्याला हिंदीत म्हणाले. "शब्द न् शब्द लक्षात आहे. पाणी उतरेपर्यंत मुलगी घराबाहेर पाऊल टाकणार नाही. तिने टाकलं का?"

"लेकिन नाव..."

"नावेबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी विचार करून बोललो असतो."

शिपायाने डोकं खाजवलं. आईने त्याला पाणी दिलं. तो साहेबांना विचारून येतो म्हणाला आणि आला नाही. पाणीच एवढं होतं की त्या नावा सोडवायला यायचं तर त्यांनाही नावच लागली असती.

जिंकलो असं वाटलं असेल तर थांबा. पाणी चढताना दोराला काही करावं लागत नाही. उतरताना मात्र तो सैल करत राहावा लागतो. उशीर झाला तर नाव दोराला लटकते आणि फळ्या उसवतात. एकदम सोडला तर प्रवाहात फिरून भिंतीवर आपटते. आणि उतरतं पाणी कुणाला विचारून उतरत नाही. मी, दादा, गुडिया आणि तिचे वडील, पाळ्या लावल्या. तळहातांना दोराचे वळ पडले. बारज्यात गाळाचा वास असा दाटला की जेवताना भातालाही तोच वास. एका पहाटे मी उठले तर माझ्या पाळीला नाना बसलेले, दोर हातात, ओठ हलताहेत. आपला पाठ म्हणत म्हणत ते वीतवीत दोर सोडत होते. मी शेजारी बसले. त्यांनी आवाज थोडा मोठा केला. बस, एवढंच.

त्यानंतर नानांनी मला शिकवायला घेतलं, असं लिहायला मला आवडलं असतं. घेतलं नाही. मी बारज्यात असले की संथा देताना दार लावत नाहीत, एवढा फरक पडला. एवढ्यावर मी समाधानी नाही, आणि हे त्यांना माहीत आहे.

माझी सुटका झाली तो दिवस मला आठवतो. पाणी बरंच उतरलं होतं, गल्लीत गुडघाभर चिखल, शब्द संपला होता. नाना म्हणाले, "जा आता कुठे जायचं ते." आणि मी जाऊ शकले नाही. दोर माझ्या हातात होता, नावा अजून आपल्या जागेच्या आठदहा पायऱ्या वर होत्या, आणि गुडिया दोन रात्री जागून आमच्या जमिनीवर मेल्यासारखी झोपली होती. ज्या बारज्याच्या मला शिसारी आली होती तिथेच मी उकिडवी बसून राहिले. कोंडणं संपलं तरी मी तिथेच होते, आणि या वेळी कुणाला दोष देता येत नव्हता. दोष देता येत नाही अशी कैद फार जड असते, हे मला कुठल्या पर्च्यात कुणी लिहिलेलं आठवत नाही.

नावा आपापल्या पायऱ्यांना टेकल्या. मोटरबोटींचा ठेकेदार आला, रांग बघितली, पान थुंकला आणि गेला. रीत रीत असते, त्याच्याच माणसांतले निम्मे मल्लाह होते. गुडियाची नाव त्या वर्षी तिथे राहिली. त्यानंतरही राहिली.

आणि आता पुन्हा पाणी चढतं आहे. यंदा माझ्या पायांबद्दल कुणी कुणाला शब्द दिलेला नाही. मी हवं तिथे जाऊ शकते. पण यंदाच्या आदेशात एक ओळ वाढली आहे. लहान नावा कोणत्याही इमारतीच्या खांबाला, जाळीला किंवा बारज्याला बांधू नयेत. वाचून मला हसू आलं, मग आलं नाही. म्हणजे ते वळण त्यांना पाठ झालं. सर्वांत कठीण पातळी म्हणतात ती हीच. एकदा चालून गेलेलं दुसऱ्यांदा चालत नाही. आमच्या मंडळींतले दोघं काल म्हणाले, बारजा नाही तर पर्चा काढू, चबुतऱ्यावर सभा घेऊ.

गुडिया दुपारी पुन्हा आली. आता तिचे वडील थकले आहेत, नाव तीच चालवते, घर त्या नावेवर चालतं. बारज्यात मांडी घालून बसली, आईने दिलेलं थालीपीठ खाल्लं, खाली पाण्याकडे बघितलं. अजून तीन दिवसांत ते गेल्या खेपेच्या रेषेला लागेल, असं तिचं म्हणणं. मग तिचं लक्ष माझ्या कागदांकडे गेलं.

"का लिखत हऊ?"

"मागच्या पुराचं. बारज्याचं, दोराचं, नानांचं."

"छपी?"

"छापतील."

"आ अबकी का करब, ऊहो लिख देलू?" यंदा काय करणार, तेही लिहिलंस का, असं विचारत होती.

"नाही."

तिने बोटं चाटली, माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्याला टोपण लावलं. "मत लिखा," म्हणाली.

आमचं आज सकाळीच ठरलं आहे. ते या लेखात नाही.